रोझेरच्या गुऱ्हाळातली गाळणी

मी गाळणी बोलतेय. चहाची नाही. तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आरओचं मशीन टांगलेलं असेल, तर त्याच्या पोटात माझी एक धाकटी बहीण असते. आरओवाला अधूनमधून येतो, झाकण उघडतो, ‘मॅडम, मेंब्रेन गेलं’ म्हणतो आणि नवीन बसवतो. ते मेंब्रेन म्हणजे ती बहीण. मी तिच्याहून बरीच मोठी आहे, उभी केली तर तुमच्या कमरेला लागेन. आणि माझं काम तिच्या नेमकं उलटं आहे.

ती पाणी ठेवते आणि बाकीचं मोरीत सोडते. आमच्याकडे पाणी सोडायचं आणि बाकीचं ठेवायचं. ते बाकीचं म्हणजे मेपलच्या झाडाची साखर. हिवाळा सरताना झाडाला भोक पाडलं की रस गळतो. तो दिसायला पाण्यासारखा असतो, गोडी जिभेला जेमतेम कळते. तो आटवून त्याची काकवी करायची तर लाकडांचे डोंगर जाळावे लागतात. म्हणून चुलाणावर जायच्या आधी पंपाच्या जोरानं रस माझ्यातून दाबतात. पाणी माझ्या आरपार निघून जातं, साखर मागे राहते. दाट झालेला रस काहिलीत जातो, पाणी टाकीत. टाकी भरून वाहिली की पाणी मागच्या ओढ्यात. माझं सगळं आयुष्य एवढ्यात येतं.

मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगते. नंतर कोणी म्हणायला नको की इतकं सगळं झालं आणि हिच्या आवाजात फरकही पडला नाही. गाळणीनं अंगाला काही लावून घ्यायचं नसतं. जायचं ते जाऊ द्यायचं, राहायचं ते राहू द्यायचं.

कारखान्यात माझा जन्म झाला. पांढऱ्या पातळ चादरी आणि त्यांच्यामध्ये जाळी, असं सगळं एका पोकळ नळीभोवती घट्ट गुंडाळलं आणि वरून चिकटपट्टी लावली. पाणी दाबून बघितलं. मग औषधी पाण्यासकट पिशवीत घालून तोंड बंद केलं. गाळणी एकदा ओली झाली की पुन्हा कोरडी पडू द्यायची नाही आणि गोठू द्यायची नाही. पिशवीत कितीतरी महिने गेले. किती, ते मी मोजलं नाही.

मला घरी आणलं सोलांजनं, रोझेरनं नाही.

हे गाव क्वेबेकमधल्या टेकड्यांवर आहे. इथे मार्चमध्ये ज्याच्या घराच्या मागून वाफ निघत नाही, त्याच्या घरी कोणी आजारी आहे का असं लोक विचारतात. रोझेर हा जुना गुळव्या. बापाचं गुऱ्हाळ, बापाची झाडं, बापाचं चुलाण. पाकाला तार आली की नाही हे त्याला काहिलीतल्या बुडबुड्यांच्या आवाजावरून कळायचं. त्या वर्षी लाकडं फोडताना त्याचा गुडघा गेला आणि तरी तो लंगडत लंगडत फोडतच होता. सोलांज त्याची बायको. ती एक दिवस गाडी घेऊन गेली आणि मागच्या सीटवर मला, माझ्या पोलादी नळीला आणि पंपाला घालून आली.

“हे काय आणलंस?” रोझेरनं विचारलं.

“तुझा गुडघा. निम्म्याहून जास्त लाकूड वाचेल.”

“माझ्या बापानं नळ्या लावून काकवी केली नाही.”

“तुझा बाप पन्नाशीत गेला. दारातून सरक, आत घेऊ दे.”

तो सरकला, पण मदतीला हात लावला नाही. विक्रेत्याचा माणूस मशीन बसवायला आला तेव्हा रोझेर चुलाणातली राख काढत बसला होता, मुद्दामच. त्यामुळे जे काही सांगितलं गेलं ते सोलांजनं एकटीनं ऐकलं. रोज रस संपला की गाळणी धुवायची. धुवायला हिनंच गाळलेलं पाणी वापरायचं, विहिरीचं नको, त्यात चुना असतो. पाणी कोमट हवं. साबण आम्ही देऊ तोच. साबणाचा अंश राहिला तर काकवीला वास लागेल, तेव्हा विसळायचा कंटाळा करायचा नाही. आणि जावेलचा थेंबही लागता कामा नये.

जावेल म्हणजे तुमच्याकडे कपडे पांढरे करायला वापरतात ते ब्लीच. या गावात सगळं जावेलनं धुतात. ओटा, जिना, बादल्या, रसाच्या टाक्या, माणूस गेला की त्याची खोलीसुद्धा. जावेलचा वास आला म्हणजे स्वच्छ झालं, अशी इथे पक्की समजूत आहे, आणि रोझेरच्या आईची तर ती देवावरच्या श्रद्धेइतकी पक्की होती. सोलांजनं त्याच दिवशी गुऱ्हाळातली जावेलची बाटली उचलून घरी नेली. रोझेरला वाटलं, संपली असेल. त्यानं नवीन आणून तिच्याच जागी ठेवली. ती टाक्यांसाठी होती आणि माझ्या खोलीत त्याचं कधी येणंच नव्हतं, म्हणून सोलांज काही बोलली नाही. आग त्याची आणि पाणी तिचं, अशी वाटणी न बोलताच होऊन गेली होती.

माझी खोली गुऱ्हाळाच्या पोटातच, फळ्या मारून केलेली. आत छोटा हीटर, कारण मला गारठा चालत नाही. दार नेहमी लावलेलं. बाहेर चुलाण धडधडत असायचं, वाफेत रोझेर, काकवी घ्यायला आलेली माणसं, त्यांचं हसणं, बर्फावर पाक ओतून खाणारी पोरं. आत मी आणि सोलांज.

दिवसाचा रस संपला की ती आधी मला साध्या पाण्यानं विसळायची. मग पाणी कोमट करायची. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं मनगटाची आतली बाजू लावून बघायची. साबण घालून ते पाणी माझ्यातून फिरवायची. दिवसभराची मळी, झाडाची बारीक वाळू, चिकटा, सगळं सुटून यायचं. मग स्वच्छ पाणी, पुन्हा स्वच्छ पाणी. बाहेर पडणाऱ्या धारेखाली दोन बोटं चोळायची. बुळबुळ लागली की अजून पाणी. लागली नाही की तेच पाणी जिभेवर घेऊन बघायची आणि म्हणायची, “काहीच नाही.” ही माझी शाबासकी.

“तुझ्या राणीची आंघोळ झाली का?” रोझेर बाहेरून ओरडायचा.

“झाली. तू तुझ्या म्हशीला वैरण घाल,” ती म्हणायची. म्हैस म्हणजे चुलाण.

मे महिन्यात झाडांना कळ्या फुटल्या की रस उग्र होतो आणि हंगाम मिटतो. मग सोलांज मला शेवटचं धुवून औषधी पाण्यात बुडवून, घट्ट झाकणाच्या नळकांड्यात घालून घराच्या तळघरात ठेवायची. तिथे गोठत नाही. तिथे काहीच होत नाही. मला तो काळ आवडायचा असं म्हणवत नाही, पण नकोसाही वाटायचा नाही.

अशी बरीच वर्षं गेली.

मागच्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या दिवसांत, माझ्या डोक्यावर स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मला वाटलं पिठाचं पोतं पडलं. चहाची किटली शिट्टी घालत होती. घालत राहिली. मग तिच्यातलं पाणी संपलं आणि ती गप्प झाली. बऱ्याच वेळानं रोझेरचे बूट वाजले, दारापासून ओट्यापर्यंत, आणि तिथेच थांबले.

पुढचे काही दिवस वर खूप पावलं होती. खुर्च्या सरकवत होते, कपबश्या वाजत होत्या, जड आवाजात प्रार्थना चालली होती. मग एकाच माणसाची पावलं उरली. तीही कमी कमी. खुर्चीपासून पलंगापर्यंत, पलंगापासून खुर्चीपर्यंत. मला वाईट वाटलं का, असं विचाराल तर नाही. मी औषधी पाण्यात होते. त्यात काही वाटत नाही. मला वाटतं रोझेरचंही तसंच चाललं होतं, फक्त त्याच्यावर झाकण नव्हतं.

मार्च लागला तशी त्याची मुलगी मिरेय आली. ती शेरब्रूक शहरात राहते, नवरा आहे, दोन मुलं आहेत. बाप-लेक जिन्याच्या तोंडाशी बोलत होते म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“बाबा, तो मोठ्या गुऱ्हाळाचा गॅस्पार तुझी झाडं भाड्यानं घ्यायला तयार आहे. तू चल माझ्याकडे. खालची खोली रिकामी आहे.”

“रिकामी राहू दे.”

“एकटा कसा रे चालवणार तू गुऱ्हाळ? अर्धं काम आई करायची.”

“अर्धं कसलं? आत बसून एक नळी धुवायची. धुईन मी.”

मिरेय म्हणाली, “तू नोव्हेंबरपासून धड जेवला नाहीस. शेजारी सांगतात, हाक मारली तर ओ देत नाहीस. बाबा, मला झोप लागत नाही तिकडे. आपण असं करू. ईस्टरला मी येते. तोवर काकवी दर वर्षीसारखी झालेली असली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नसली, तर गुपचूप गाडीत बसायचं.”

“बसेन,” रोझेर म्हणाला.

म्हणजे त्याचं घर, झाडं, चुलाण, सगळं आता माझ्यावर होतं. हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत असून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो तळघरात आला. नळकांडं उचललं, गुऱ्हाळात नेलं आणि झाकण उघडलं. माझ्या औषधी पाण्याला गंधकाचा वास असतो, विझलेल्या काडेपेटीसारखा. त्यानं नाक मागे घेतलं. आत वाकून पुन्हा वास घेतला.

“कुजली,” तो स्वतःशीच म्हणाला. “हिवाळाभर पाण्यात राहून कुजली.”

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. पहिल्यांदाच त्यानं मला हातात घेतलं होतं. टॉवेलात गुंडाळून धरलं होतं, सांभाळून. मला वाटतं, सोलांजची वस्तू आपल्या हातून खराब झाली असं त्याच्या मनानं घेतलं. मग तो टाक्यांजवळ गेला आणि जावेलची बाटली घेऊन आला.

त्यानं सगळं प्रेमानं केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. मला नळीत बसवलं, झाकणं आवळली. पाणी कोमट केलं आणि मनगटावर घालून बघितलं. सोलांज मुलीला आंघोळ घालायची तेव्हा त्यानं ते बघितलं असावं. मग जावेल ओतलं. थोडं ओतून थांबला, वास घेतला, आणखी ओतलं. पंप लावला.

दुखलं नाही. हेच सगळ्यात वाईट, की दुखलं नाही. साबणाला निदान मळी सोडवताना ओढ असते. जावेल नुसतं आत येत राहिलं आणि माझ्या चादरींचं काहीतरी हलकेच सुटत गेलं, उसवलेल्या शिवणीसारखं. रोझेरनं मला रात्रभर त्यातच भिजत ठेवलं, म्हणजे आतपर्यंत स्वच्छ व्हावं. जाताना त्यानं नळीवर हात ठेवला आणि म्हणाला, “आता कशी नव्यासारखी.”

हंगाम सुरू झाला. मी धावायला लागले. पाणी माझ्यातून इतकं भराभर कधीच गेलं नव्हतं. टाकी बघता बघता भरायची आणि वाहायची.

“बघ सोलांज,” रोझेर बंद दाराकडे बघून म्हणाला, “तुझ्या हातात कधी अशी पळाली होती का?”

पण पाण्याबरोबर साखरही जात होती. आता मला अडवता येत नव्हती. काहिलीत जायचा तो रस पातळच जायचा, आणि तो पातळ रस आटवत रोझेर लाकडामागून लाकूड चुलाणात घालायचा. ज्या रसात पूर्वी डब्यांची रांग लागायची, त्यात आता चार-पाच डबे होत. एप्रिल लागायच्या आत लाकडाची भिंत निम्मी झाली. गुडघा सुजला.

त्यानं झाडांना दोष दिला. यंदा रसातच दम नाही, असं तो काकवी घ्यायला आलेल्यांना सांगायचा. मग हवेला दिला. मग स्वतःला. “माझा हात गेला,” एकदा त्यानं चुलाणासमोर बसून म्हटलं. “पाक कळेनासा झाला.” ते खरं नव्हतं. पाक त्याला चांगला कळत होता. मी पलीकडच्या खोलीत होते आणि त्याची साखर ओढ्याला देत होते.

एकदा संध्याकाळी हरणं आली. ओढ्याजवळच्या बर्फाला जीभ लावून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी आली. रोझेर खिडकीतून बघायचा. घरात कोणी नसलं तरी दारात कोणीतरी येतंय, याचं त्याला बरं वाटलं असावं. ती कशाला येतात, हे त्यानं विचारलं नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मिरेय आली, एकटीच. तिनं डब्यांच्या फळीकडे बघितलं आणि वाटाण्याचं सूप केलं. रोझेरनं दोन चमचे घेतले आणि वाटी सरकवून दिली.

“किती बारीक झालायस,” ती म्हणाली.

“चुलाणासमोर कोण जाडं होतं?”

“बाबा, तू म्हणाला होतास.”

“उद्यापर्यंत आहे की माझ्याकडे. ईस्टर उद्या आहे.”

इथे ईस्टरच्या पहाटे, सूर्य उगवायच्या आत, वाहत्या पाण्याची बाटली भरून आणतात. प्रवाहाकडे तोंड करून भरायची आणि घरी पोचेपर्यंत कोणाशी एक अक्षर बोलायचं नाही. ते पाणी वर्षभर नासत नाही म्हणतात. पोराला ताप आला, गाय अडली, की त्यातलं घोटभर देतात. सोलांज दर वर्षी भरायची. यंदा मिरेय गेली.

त्या रात्री गोठलं नव्हतं, रस थांबला नव्हता, म्हणून रोझेर पहाटेपासूनच मला चालवत होता. टाकी भरून वाहत होती. मिरेय गुऱ्हाळामागे ओढ्यात उतरली, प्रवाहाकडे तोंड केलं, बाटली भरली आणि रिवाजाप्रमाणे एक घोट प्याली.

मग ती सरळ गुऱ्हाळात आली. बोलायचं नव्हतं म्हणून बोलली नाही. चुलाणासमोर बसलेल्या बापापुढे तिनं नुसती बाटली धरली. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, बाटली घेतली आणि प्याला.

काहील उकळत होती.

“बाबा,” शेवटी मिरेयनं रिवाज मोडला, “ओढा गोड झालाय.” तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “मला वाटलं, आई…”

रोझेरलाही क्षणभर तसंच वाटलं असणार, कारण तो उठला तो लंगडला नाही. पण गुळव्याची जीभ ती. त्यानं दुसरा घोट घेतला आणि तोंडात घोळवला. मग माझ्या खोलीचं दार उघडून आत आला. टाकीत पाणी सोडणाऱ्या नळीखाली ओंजळ धरली आणि प्याला.

“आई नाही,” तो म्हणाला. “साखर आहे.”

त्यानं पंप बंद केला. मिरेय दारात उभी होती.

“माझीच साखर. महिनाभर ओढ्यात ओततोय.”

चर्चवरून परतताना गॅस्पार आला, हातात हॅमचं भांडं घेऊन. त्याच्या बायकोनं काकवीत शिजवलेलं, ईस्टरचं. गॅस्पारचं गुऱ्हाळ खूप मोठं, तिथे माझ्यासारख्या कितीतरी आहेत. झाडं त्याला हवी होती, पण माणूस वाईट नाही. त्यानं पाणी चाखलं, मग रोझेरकडे बघितलं.

“कशानं धुतलीस?”

“जावेलनं.”

गॅस्पारनं डोक्यावरची टोपी काढली. गेलेल्या माणसासमोर काढतात तशी.

“अरे, जावेलनं ती संपते. फाटक्या चाळणीसारखी होते. सोलांजला माहीत होतं की हे. तिनं तुला सांगितलं नव्हतं?”

“मी विचारलं नव्हतं,” रोझेर म्हणाला.

गॅस्पार घरी जाऊन त्याच्याकडची जादा गाळणी घेऊन आला, कारण टाकीत रस होता आणि उन्हं चढली की तो आंबला असता. माझी झाकणं उघडली. मला ओढून काढलं आणि बेसिनशेजारच्या फळीवर आडवं ठेवलं. नवी आत गेली. माझी नळी चालू असताना मी ती पहिल्यांदाच बाहेरून बघत होते. तशी काही खास नव्हती.

त्या दिवशी काकवी चांगली झाली. पण एका दिवसानं महिना भरून निघत नाही, हे तिघांनाही कळत होतं. संध्याकाळी रस संपला तेव्हा गॅस्पार म्हणाला, “ये रोझेर, धुवायचं कसं ते दाखवतो. हिला तरी टिकव.”

रोझेर शाळेतल्या मुलासारखा ऐकत होता. आधी विसळ. मग कोमट पाणी. हा साबण, एवढाच. फिरू दे. आता स्वच्छ पाणी. आणखी. गॅस्पारनं त्याचा हात धरून धारेखाली नेला. “आता बोटं चोळ. बुळबुळ लागते का बघ. लागली की अजून पाणी.”

रोझेरनं बोटं चोळली. आणखी चोळली. चुलाणाच्या दारांनी, काहिलीच्या कडांनी, उकळत्या पाकानं, सगळ्या आयुष्यात भाजून भाजून त्याच्या बोटांची टोकं निबर झाली होती, खुरासारखी.

“लागते का?” गॅस्पारनं विचारलं.

रोझेर बोटांकडे बघत राहिला.

मिरेय पुढे झाली आणि तिनं स्वतःची बोटं धारेत घातली. “आहे अजून, बाबा. चांगली आहे.”

“मला कळत नाहीये,” रोझेर म्हणाला.

“असू दे. मी सांगते.”

“मिरेय, मला काहीच कळत नाहीये.” त्यानं हात धारेतून काढला नाही. “हे पाणी गरम की गार, ते कळत नाही. तुझं सूप खारट होतं की अळणी, ते कळलं नाही. तिला मातीत ठेवली तेव्हा सगळे रडत होते. मी उभा राहून बघत होतो, हे काय चाललंय म्हणून. मला वाटलं, गुऱ्हाळ लावलं की कळायला लागेल.”

गॅस्पार टोपी घेऊन हळूच बाहेर गेला.

मिरेयनं बापाचा हात आपल्या हातात धरला आणि दोन्ही हात धारेखाली ठेवले. “आता साबण आहे,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “आता कमी झाला.” मग बऱ्याच वेळानं, “आता गेला.” प्रत्येक वेळी तो मान हलवत होता. पाणी संपेपर्यंत दोघं तशीच उभी होती.

“झाडं गॅस्पारला देऊन टाक,” मग रोझेर म्हणाला. “मी बसतो गाडीत.”

मिरेय हंगाम संपेपर्यंत थांबली, नवऱ्याला फोन करून. ती लाकडं घालायची, धुवायची, बापाला हाताला धरून सांगायची. कळ्या फुटल्या तसं चुलाण विझलं. नवी गाळणी गॅस्पार परत घेऊन गेला. घरातलं सामान बांधून झालं. जे न्यायचं नाही ते गुऱ्हाळाच्या दारात ढिगानं पडलंय, फुटक्या बादल्या, जुन्या नळ्या, वाकलेला झारा. त्यात मी आहे. कोरडी पडले आहे. उद्या सकाळी नगरपालिकेची गाडी येईल.

आज संध्याकाळी रोझेर एकटाच इकडे आला. ढिगातून मला उचललं आणि मांडीवर आडवं घेऊन पायरीवर बसला. खिशातून चाकू काढला. मला वाटलं फाडून आत बघतोय, पण त्यानं चाकू मिटून परत ठेवला.

“एवढा वेळ काय करायची ती आत?” त्यानं मला विचारलं. “गॅस्पार म्हणतो, धुणं थोडक्यात होतं. ती तर अंधार पडेपर्यंत बाहेर यायची नाही. काय करायची?”

मला त्याच्याशी बोलता येत नाही. तो थोडा वेळ थांबला, मला खाली ठेवलं आणि लंगडत घराकडे गेला.

तुम्हाला सांगते. धुणं केव्हाच झालेलं असायचं. पंप बंद, पाणी बंद. सोलांज बाकावर बसायची. बाहेर रोझेरची पावलं दाराच्या दिशेनं आली की बाक करकरायचा, म्हणजे ती उठून उभी राहायची, केसांवरून हात फिरवायची. पावलं दारावरून पुढे लाकडांकडे जायची. बाक पुन्हा करकरायचा. असं रोज व्हायचं. तो एकदा दार उघडेल, आत डोकावेल, हे कसं करतेस गं म्हणून विचारेल, असं तिला वाटायचं.

मी उद्या जाईन. माझं काही मागणं नाही. शेरब्रूकच्या त्या खालच्या खोलीत गुडघ्यावर हात ठेवून बसलेला एखादा म्हातारा तुम्हाला कधी भेटला, तर त्याच्याशी बोला, काकवीबद्दल बोला, काहीही बोला. एवढं मात्र त्याला सांगू नका.